अलीशिबेचा डावा गाल

अनंता,

हे सांगायचं मी सव्वीस वर्षं टाळलं. त्यासाठी फारसे कष्ट पडले नाहीत. ज्याला विचारायचा हक्क होता तो तू, आणि तुला कधी संशयच आला नाही. संशय न येणाऱ्या माणसाशी खोटं बोलावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी भागतं. मी गप्प बसलो. एकदा मात्र लिहून खोटं बोललो, तेही तुझ्याविषयी.

तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले. आपल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात तुझ्यावर चार पानं यायची आहेत आणि ती मी लिहावीत असं तुझ्या बायकोचं, मंदावहिनींचं म्हणणं पडलं. इतकी वर्षं एका छताखाली काम केलंत, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, असं त्या म्हणाल्या. तुझा जन्म कुठला, तू या देशात कधी आलास, मंडळाची किती नाटकं तू उभी केलीस, हे सगळं नेपरव्हिलमधल्या कुणालाही विचारलं तर कळेल. मी फक्त एका दुपारची हकिगत लिहिणार आहे.

आपण शिकागोच्या ज्या संग्रहालयात होतो तिथे माझी खोली तळघरात होती. जुनी लाकडी शिल्पं स्वच्छ करणं, सुटलेला रंग चिकटवणं, किडलेलं लाकूड घट्ट करणं हे माझं काम. दोन दारं सोडून तुझा स्टुडिओ. वस्तू आली की तू तिचे फोटो काढायचास, माझं काम झालं की पुन्हा काढायचास. एका तळघरात दोन मराठी माणसं हा योगायोग. तू नागपूरचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली मेथी तू निम्मी संपवलीस आणि तिखट कमी आहे म्हणून सांगितलंस. तेव्हापासून मी तुला अरे-तुरे करत आलो आणि तू मला शेवटपर्यंत भाऊ आणि तुम्ही.

तो फलक आपल्याकडे आला तेव्हा मार्च होता. अक्रोडाचं लाकूड, उंची साधारण माझ्या छातीपर्यंत, उठावात कोरलेल्या दोन बायका. स्पेनमधल्या एका मठात वेदीच्या मागे छतापर्यंत गेलेलं कोरीव मखर होतं, सोळाव्या शतकातलं. त्यात असे वीसेक फलक बसवलेले असावेत. पुढे मठ बंद पडला, साधूंना घालवून दिलं, मखर उतरवलं आणि फलक सुटे सुटे विकले गेले. आपल्याकडचा फलक करवतीनं कापून काढलेला होता. उजव्या कडेला शेजारच्या फलकातल्या कुणाची तरी तीन बोटं राहून गेली होती. ती बोटं कुणाची यावर आपण पैज लावली होती. ती तशीच राहिली.

प्रसंग बायबलमधला. तरुण मरीया पोटुशी असताना डोंगर चढून आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला येते. अलीशिबा म्हातारी, आणि म्हातारपणी तीही पोटुशी. दाराशी दोघी भेटतात, एकमेकींचे हात धरतात. मी हे सगळं तुला रीतसर सांगितलं. तू फलकाभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालास, "हे तर आपलं डोहाळजेवण आहे ना भाऊ. नुसतं ताट दिसत नाही कुठे."

त्यानंतर आपल्या दोघांत त्या फलकाचं नाव डोहाळजेवणच पडलं. मरीया झाली पोरगी आणि अलीशिबा झाली आजी.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती कळायला आपला जुना वाद माहीत असायला हवा. तुला तो पाठ आहे. इतरांसाठी लिहितो.

माझे आजोबा आमच्या गावच्या मारुतीचे गुरव. दर शनिवारी मूर्तीला तेल-शेंदूर चढायचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं मारुतीला आकार असा उरलाच नव्हता. दोन डोळे लावलेला एक मोठा तांबडा गोळा. मी नऊ वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात त्या गोळ्याला तडा गेला आणि सगळी खोळ एका बाजूनं सुटून खाली आली. आत काळ्या पाषाणाची हातभर उंचीची मूर्ती निघाली. कमरेची कट्यार, पायाखालची पनवती, शेपटीचा पीळ, सगळं रेखीव. हयात असलेल्या एकाही माणसानं ती कधी पाहिली नव्हती. आसपासच्या गावांतून माणसं लोटली. मी त्या दिवशी ठरवून टाकलं की खरं जे असतं ते थराखाली असतं. पुढे मी जे शिकलो, ज्यासाठी या देशात आलो, ते सगळं त्या एका दुपारच्या जोरावर.

तुला हे पटायचं नाही. "मग इतकी वर्षं लोकांनी नमस्कार कोणाला केला?" तू विचारायचास. मी म्हणायचो, आतल्याला. "आतला तर कोणाला माहीतच नव्हता भाऊ. लोकांचा देव शेंदराचाच होता." गाडीतून मंडळाच्या तालमींना जाताना आपण यावर किती भांडलो असू. तू वज्रलेपाच्या बाजूचा, मी विरुद्ध. तू म्हणायचास की झिजलेल्या देवाला माणसं जे लावतात तेही देवाचंच अंग. मी म्हणायचो, तू फोटोग्राफर आहेस, तुला वरचंच दिसणार.

एक गोष्ट मी तुला मुद्दाम सांगितली नाही. खोळ नदीत सोडली आणि पुढच्याच शनिवारी आजोबांनी वाटीत तेल-शेंदूर कालवून त्या रेखीव मूर्तीवर पहिला हात दिला. मी रडून गोंधळ घातला. ते म्हणाले, उघडा कसा ठेवू त्याला? हे तुला सांगितलं असतं तर वाद तिथेच संपला असता आणि तू जिंकला असतास. म्हणून सांगितलं नाही.

फलकावर दोन्ही बायकांचे चेहरे रंगवलेले होते. पोरीचा चेहरा फिका, मंद. आजीचा चेहरा गुलाबी आणि चकचकीत, नव्या बाहुलीसारखा. मला पहिल्या नजरेतच वाटलं की आजीला नंतर कुणीतरी भडक रंग फासला आहे आणि खाली खरा, जुना, शांत चेहरा आहे. मी एक कणभर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. निकाल यायला आठवडा लागणार होता.

दरम्यान तू अतिनील प्रकाशातले फोटो घेऊन आलास. त्या प्रकाशात जुना रंग एकसारखा उजळतो आणि नंतरचा रंग डागांसारखा दिसतो, एवढं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. तू फोटो माझ्या टेबलावर मांडलेस. आजीचा गाल सगळा एकसारखा उजळतोय आणि डाग आहेत ते पोरीच्या चेहऱ्यावर, असं तुझं म्हणणं. "तुम्ही आजीच्या कायले मागे लागले?" असं तू विचारलंस. मी म्हणालो, फोटो काढणं तुझं काम, वाचणं माझं. "मग वाचा ना नीट," तू म्हणालास आणि हसत निघून गेलास.

त्या शुक्रवारी आमच्या विभागाच्या प्रमुख हेलनबाई रजेवर होत्या. मंगळवारी संग्रहालयाचे विश्वस्त तळघर पाहायला येणार होते. त्यांना मला अर्धा उघडलेला गाल दाखवायचा होता. एका बाजूला भडक, दुसऱ्या बाजूला खरा. निकालाची वाट न पाहण्याचं याहून मोठं कारण नव्हतं. सव्वीस वर्षं शोधलं, सापडलं नाही.

सकाळी तू माझ्या खोलीत येऊन जवळून फोटो काढलेस. तेव्हाचे दिवे तापायचे. मध्येच तुझ्या मुलीच्या, रेवाच्या शाळेतून फोन आला म्हणून तू बाहेर गेलास, एक दिवा फलकाजवळ चालू राहिला. पाच-सात मिनिटं असतील. मी तिथेच होतो. मी हात लावून पाहिलं होतं. लाकूड जेमतेम कोमट झालं होतं. दिव्यानं काहीही झालेलं नव्हतं. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण ते आजवर कुठेच लिहिलेलं नाही. दिव्यानं काहीही झालेलं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी कापसाचे बोळे वळले, द्रावणात बुडवले आणि आजीचा डावा गाल पुसायला घेतला. रंग सहज सुटेना. त्यावरूनच कळायला हवं होतं. मी द्रावण वाढवलं, मग पातं घेतलं. अडीच-तीनच्या सुमाराला रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली. खाली दुसरा चेहरा नव्हता. खडूसारखं पांढरं अस्तर होतं, आणि मध्ये एका ठिकाणी तेही जाऊन लाकूड.

तो चकचकीत गुलाबी रंगच मूळचा होता. त्या काळी चेहरे तसेच, घासून चमकवून रंगवत. फिका रंग नंतरच्या लोकांची आवड. उलटं वाचलं होतं मी. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या गालावर डोळ्याखाली दोन बारीक रेषा काढल्या होत्या, हसताना पडतात तशा. तुझ्या फोटोत त्या आहेत. लाकडावर आता नाहीत.

मी गुलाबी झालेले बोळे झाकणाच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून लावलं. तेवढ्यात तू दिव्याचा स्टँड न्यायला आलास. गालाकडे पाहिलंस. तुझा हात स्टँडवरच राहिला.

"भाऊ, माझ्या लाइटनं झालं का?"

मी डब्याचं झाकण आणखी दाबलं.

"मी फोनवर गेलो तेव्हा चालू राहिला होता. तेव्हाच झालं असेल. पोपडा आला का?"

आला, असं मी म्हणालो. एवढा एकच शब्द. तू दिलेलं कारण मी तुझ्याकडून घेतलं. तू तिथल्या स्टुलावर बसलास आणि बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिलास. मी तुला पाणी आणून दिलं. हेही लिहून ठेवतो: मी पाणी आणून दिलं.

सोमवारी हेलनबाईंपुढे माझा अहवाल होता. प्रकाशयोजनेच्या उष्णतेमुळे रंगाला पोपडे आले, सुटलेला भाग वाचवता आला नाही, असं त्यात होतं. त्यांनी तुला बोलावून विचारलं. तू म्हणालास की हो, दिवा जवळ होता, चूक माझी. प्रयोगशाळेचा निकाल गुरुवारी आला. तो मी वाचला आणि फाइलमध्ये लावला. त्यात फक्त रंग मूळचा आहे एवढंच होतं. तो कसा गेला हे त्यात असणार नव्हतं.

तुला नोकरीवरून काढलं नाही. वस्तूंचे फोटो मात्र तुझ्याकडून काढून घेतले. पुढची अकरा वर्षं तू संग्रहालयाच्या समारंभांचे फोटो काढलेस: देणगीदार, त्यांच्या हातातले ग्लास, फीत कापणारे हात. तू कधी कुरकुर केली नाहीस. मला म्हणालास, "बरं झालं बाप्पा, माणसांना पोपडे येत नाहीत." मी हसलो. गाल मी भरला, रंगवला. लांबून कळत नाही. जवळून कळतं.

त्यानंतर तू दिवा हातात घेतला नाहीस. मंडळाचा गणपती असो, कुणाची मुंज असो, तू खिडकीपाशी माणसं बसवायचास आणि ऊन यायची वाट बघायचास. लग्नात फ्लॅश मारा म्हणून लोक मागे लागायचे. तू कॅमेरा खाली ठेवायचास. नेपरव्हिलमध्ये सगळे म्हणतात की अनंताच्या फोटोंत उजेड फार सुंदर असतो. आमच्या घरात माझ्या बायकोचा तू काढलेला फोटो आहे. ती गेल्यावर तोच लावला. सुंदर आहे. त्या उजेडाचं कारण मला ठाऊक आहे म्हणून मी त्याच्यासमोर फार वेळ उभा राहत नाही.

आणि दर संक्रांतीला तू यायचास. बर्फ असो, गाडी घसरो, तिळगूळ घेऊन यायचास. वाटी पुढे करून तेच म्हणायचास, "भाऊ, तुमचं काम मी बिघडवलं. तुम्ही मनातून मला माफ केलं ना?" पहिली काही वर्षं मी सोड रे म्हणून टाळलं. मग एका वर्षी, मला वाटतं तुझ्या हार्टच्या ऑपरेशननंतर, तू वाटी मागे घेतलीस आणि म्हणालास की आज नीट सांगा. मी म्हणालो, "अनंता, मी तुला माफ केलं." तू लाडू माझ्या हातावर ठेवलास. मी तो खाल्ला.

मी आयुष्यात केलेल्या वाईट गोष्टी मोजायला बसलो तर गाल खरवडला ती पहिली येत नाही. अहवालही पहिला येत नाही. तो लाडू येतो.

तुझ्यासाठी हॉलमध्ये सगळे जमले होते त्या दिवशी रेवा बोलली. तिला मराठीत बोलायचं होतं, दोन वाक्यांनंतर तिनं सोडून दिलं. ती म्हणाली, "बाबा ऑलवेज सेड, आय वन्स हर्ट अ फाइव्ह हंड्रेड इयर ओल्ड आजी." मग तिनं दिव्याची सगळी गोष्ट सांगितली. बाबांनी चूक कशी स्वतःहून कबूल केली, आणि त्यामुळे आपण लहानपणापासून कुणाला खोटं बोलू शकलो नाही, असं ती म्हणाली. लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारचे देशपांडे माझ्या कानाशी म्हणाले की असा माणूस होणे नाही. मी मान हलवली. नंतर रांगेत उभा राहून जेवलो.

घरी आल्यावर मी संग्रहालयाला पत्र लिहिलं. हेलनबाई आता नाहीत. त्यांच्या जागी कुणी तरुण बाई आहेत. त्यांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं की आभारी आहोत, पत्र फलकाच्या फाइलला जोडलं आहे. फाइलमधून काही काढत नाहीत, त्यामुळे जुना अहवालही तिथेच राहील. पण आता त्याच्यावर माझं पत्र आहे.

मग हा लेख इथपर्यंत लिहून मी मंदावहिनींकडे गेलो. अंकात छापून आल्यावर त्यांनी वाचावा हे बरं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकला. मी वाचत असताना त्या मटार सोलत होत्या. मध्येच थांबल्या आणि पुन्हा सोलायला लागल्या. वाचून झाल्यावर त्यांनी उरलेले मटार सोलले. मला वाटलं, आता घालवून देतील. तेही चाललं असतं.

"दर संक्रांतीला तुमच्याकडे निघायच्या आधी त्यांना झोप यायची नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, छापू नका म्हणालात तर छापणार नाही.

"छापा. तुमच्या नावानं छापा. आणि रेवाला तुम्ही स्वतः सांगा, इंग्लिशमध्ये, नीट कळेल असं."

रेवाला मी रविवारी भेटतो आहे. तिला काय सांगायचं ते लिहून काढलं आहे. तिच्यासमोर मला वाचून दाखवावं लागेल. तोंडी मला जमत नाही हे एव्हाना सिद्ध झालं आहे.

कारण तुला सांगायची संधी मला मिळाली होती, अनंता. ती दुपार तुलाही आठवली असती. फेब्रुवारीत तू खुर्चीवरून उठेनासा झालास, नाकाला ऑक्सिजनची नळी. मला म्हणालास की जाऊन आजीचा एक फोटो काढून आणा, फोनवर चालेल, फ्लॅश मारू नका. मी दुसऱ्या दिवशी ट्रेननं शिकागोला गेलो. डोहाळजेवण वरच्या मजल्यावर उत्तरेच्या भिंतीवर आहे, समोर बाक आहे. शाळेची पोरं होती, ती जाईपर्यंत थांबलो. फोटो काढला. परतीच्या तासाभरात मी एक वाक्य जुळवलं. ते आधी लांब होतं, त्यात माझ्या आजोबांचा मारुती होता, विश्वस्त होते. एकेक गोष्ट काढत गेलो. नेपरव्हिल येईपर्यंत ते चार छोट्या तुकड्यांचं झालं आणि मला पाठ झालं.

तुझ्या घरी आलो तेव्हा चार वाजले होते. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. आपण दोघंच. तू फोन डोळ्यांजवळ धरलास आणि दोन बोटांनी गाल मोठा केलास. खूप वेळ बघितलंस. मी खुर्ची जवळ ओढली.

"छान भरलं भाऊ तुम्ही," तू म्हणालास. "माझं पाप झाकलं."

तुझ्या छातीचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं, आणि बाहेर बर्फ वितळायला लागलाय असं काहीतरी म्हणालो. तू म्हणालास, हव, या वर्षी लवकरच. मग वहिनींची गाडी आली.

ते वाक्य असं होतं. अनंता, गाल मी खरवडला. तुझ्या दिव्यानं काही झालं नव्हतं. मला तेव्हापासून माहीत आहे. मला माफ कर.